न धुतलेला पंचा

टप्.

दुपारची वेळ होती. गल्लीतली कुत्री उभ्या जीपखालच्या सावलीत निजली होती. घरात माणसंही निजली होती, पंखासुद्धा वीज नाही म्हणून गप्प होता. अशा त्या शांततेत पालथ्या घमेल्यावर पाण्याचा एक थेंब पडला. टप्. थोड्या वेळाने दुसरा.

घाबरू नका मित्रांनो, नळ गळत नाहीये. आमच्या नळाला या वेळी पाणी कुठलं? तो आवाज माझा. खिडकीच्या गजाला बांधलेल्या दोरीवर जो पांढरा, म्हणजे एके काळी पांढरा असलेला कपडा लोंबतो आहे, तो मी. जातीचा पंचा. आज मला साबण लावून धुतलं. तुम्ही म्हणाल, पंचा धुतला यात सांगण्यासारखं काय आहे? पण वर्ष उलटून गेलं, मला कुणी पाणी दाखवलं नव्हतं. आणि ते आळसामुळे नव्हे, भक्तीमुळे.

माझा जन्म कुठल्या गिरणीत झाला, ते मला ठाऊक नाही. मागांचा खडखडाट तेवढा आठवतो. मग आम्हा भावंडांना एकावर एक रचून सुतळीने आवळलं आणि मनिलाच्या मोठ्या बाजारात आणून टाकलं. आमच्या सगळ्यांच्या अंगावर लाल शाईने परक्या भाषेत सकाळचा नमस्कार छापलेला असतो. जीपवाल्याच्या मानेवर, मासेवालीच्या खांद्यावर, न्हाव्याच्या खुर्चीवर, जिकडे बघाल तिकडे आमचेच भाऊबंद दिसतील.

मला रोवेनाने घेतलं. तिने मला गालाला लावून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाली, "खरखरीत आहे हो. पण पाणी बरं पिईल." घरी आल्यावर तिने माझ्या एका कोपऱ्यात निळ्या दोऱ्याची फुली घातली. गल्लीत सगळ्यांच्या दोरीवर आमच्यासारखेच पंचे. ओळख पटायला हवी ना.

माझं पहिलं काम फार गोड होतं. रोवेनाची मुलगी टिनाय तेव्हा नुकती गल्लीतल्या पोरांत खेळायला जाऊ लागली होती. आमच्याकडे आया पोरांना खेळायला सोडताना सदऱ्याच्या आत, पाठीवर एक पंचा सरकवतात. पाठीवर घाम जिरला की खोकला धरतो म्हणून. तसा मी टिनायच्या पाठीवर बसायचो. माझं एक टोक तिच्या मानेशी बाहेर डोकावायचं. ती धावायची, मी तिच्यासोबत धावायचो. मधेच रोवेना हाक मारायची, "थांब गं, पाठ बघू," आणि तिचा हात आत येऊन मला चाचपायचा. ओला झालो असेन तर मला काढून कोरडा भाऊ आत जायचा. मित्रांनो, एका पंच्याला आयुष्यात याहून जास्त काय हवं असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

टिनायचा बाप एडमार. तो मुष्टियोद्धा होता. सकाळी मासळीबाजारात बर्फाच्या लाद्या उचलायचा आणि संध्याकाळी पुलाखालच्या आखाड्यात कोच बर्टिंगच्या हाताखाली घाम गाळायचा. गावोगावच्या जत्रांत लढती असत. काही जिंकायचा, काही हरायचा. हरला की घरी येऊन मुकाट्याने भात खायचा. जिंकला की भात खाता खाता पुन्हा सगळी लढत करून दाखवायचा आणि चमचा लांब उडवायचा.

जानेवारीत काळ्या नाझरेनोची मिरवणूक निघते. खांद्यावर क्रूस घेतलेला तो काळा येशू रथात उभा असतो आणि रस्ते माणसांनी भरून वाहतात. सगळे अनवाणी. लोक आपापले रुमाल, पंचे रथाकडे भिरकावतात. रथावर उभे असलेले सेवेकरी ते झेलतात, मूर्तीला पुसतात आणि परत गर्दीत फेकतात. असा पुसलेला कपडा आजार बरा करतो, संकट टाळतो, असं लोक मानतात.

त्या वर्षी एडमारला निघायला उशीर झाला. त्याने घाईत दोरीवरून मला ओढलं.

"अहो, तो टिनायचा आहे!" रोवेना आतून ओरडली.

"देवाला चालतो!" तो म्हणाला आणि पळाला.

पुढे काय झालं ते मी जसंच्या तसं सांगतो, कारण ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. एडमारने मला गोळा करून भिरकावलं. रथावरच्या एका सेवेकऱ्याने मला झेललं खरं, पण त्याच्या कवेत आधीच पंच्यांचा ढीग होता. त्याने वरचे चार-दोन मूर्तीच्या हाताला लावले. मी होतो खाली, त्याच्या कोपरात अडकलेला. तेवढ्यात रथाला हिसका बसला. त्याने अख्खा ढीग तसाच गर्दीवर उधळून दिला. मी कुणाच्या तरी डोक्यावर पडलो, तिथून हातोहात फिरलो. एडमारने निळी फुली ओळखली आणि मला छातीशी धरून तो रडला.

मला देव लागलाच नव्हता. त्या सेवेकऱ्याच्या काखेचा घाम तेवढा लागला. देव लागला असता तर मी वेगळा झालो असतो का? तेही मला सांगता येत नाही. माझ्या शेजारी एक फुलाफुलांचा रुमाल होता, तो मूर्तीला लागला होता. माझ्या नजरेला तो आधी होता तसाच दिसला.

घरी आल्यावर मला टिनायच्या पाठीवर जाता आलं नाही. मला देव्हाऱ्यात ठेवलं. टिनाय हात लावायला आली की आई-बाप दोघेही दटावायचे. सरावाला एडमार मला पुलाखाली नेऊन टांगायचा, आणि लढतीच्या दिवशी मी कोच बर्टिंगच्या खांद्यावर: घाम पुसायला, आणि आपला गडी फारच मार खाऊ लागला तर हार मानून रिंगणात फेकायला, म्हणजे लढत थांबते.

पहिली लढत एडमार जिंकला. डाव्या हाताचा बरगडीवरचा ठोसा होता तो. मी पुलाखाली टांगलेला असायचो तेव्हा तो ठोसा तयार होताना पाहिला होता. कोच जुन्या टायरवर खडूने खूण करायचा आणि म्हणायचा, "इथं. नाही, इथं. अरे गाढवा, इथं!" पावसात, तापात, बर्फ उचलून बोटं बधिर झालेली असताना एडमार त्या खुणेवर मारत राहायचा. रोवेना पहाटे अंडी उकडायची, त्याचं वजन उतरवायचं असलं की स्वतःही त्याच्यासमोर भात खायची नाही.

समोरचा खाली बसला. पंचांनी एडमारचा हात वर केला. कुणीतरी माइक पुढे केला. एडमारने मला कोचच्या खांद्यावरून घेतलं, उंच धरलं आणि म्हणाला, "सगळ्यात आधी देवाचे आभार. हा विजय माझा नाही, त्याचा आहे. मी काही केलं नाही." मग त्याने नगराध्यक्षांचे आभार मानले. मग पोस्टर छापून देणाऱ्या हार्डवेअरवाल्याचे. मग माइक गेला.

घरी भाताचं भांडं उतरवता उतरवता रोवेना म्हणाली, "हार्डवेअरवाल्याचं नाव छान घेतलंत."

"अगं, तुझंच घेणार होतो. माइक काढून घेतला त्यांनी."

"देवाला बरा वेळ मिळाला. पहाटे अंडी तोच उकडतो ना."

एडमार हसला आणि तिच्या डोक्यावर टपली मारली. हे त्यांचं थट्टेतलं होतं. मी पण त्याला खोटा म्हणणार नाही. रिंगणात चढण्याआधी तो मला मांडीवर घेऊन बसायचा आणि भीतीने माझं टोक पिळत राहायचा, ते माझ्याशिवाय कुणाला कळत नसे. क्रूसाची खूण केली की त्याचे खांदे खाली यायचे, श्वास लांब व्हायचा. भीती कुणाच्या तरी हवाली करावी लागते, ती तो देवाच्या हवाली करायचा. इथवर मला काही म्हणायचं नाही. पण भीती देऊन झाली की तो कष्टही देऊन टाकायचा, आणि शेवटी डोळासुद्धा त्याने देऊन टाकला. तेच आता सांगायचं आहे.

एडमार आणखी दोन लढती जिंकला. माझं नाव झालं. लोक मला हात लावून कपाळाला लावू लागले. कोच बर्टिंगने फर्मान काढलं, "हा धुवायचा नाही. आशीर्वाद वाहून जाईल." आणि मग, "दुसरा पंचा आणायचाच नाही. देवाचा असताना साधा कशाला?" मित्रांनो, न धुतलेल्या पंच्याची काय गत होते ती ऐका. घाम वाळून अंग ताठ होतं. रक्ताचे डाग आधी तांबडे, मग काळे पडतात. माश्या येतात. मला माझाच वास सहन होत नव्हता, आणि लोक मला ओठांना लावत होते.

"निदान जखमेला तरी तो लावू नका," रोवेना म्हणायची. "टिनायचं नाकसुद्धा मी याने पुसणार नाही."

"याच्यामुळेच तर जखमा भरतात," एडमार म्हणायचा.

तिसऱ्या लढतीत त्याच्या डाव्या डोळ्यावर बरेच ठोसे बसले. सूज उतरली, पण काहीतरी उरलं. तो कॉफी ओतायचा ती पेल्याच्या बाहेर. दाराची चौकट त्याच्या डाव्या खांद्याला लागायची. टिनाय डावीकडून धावत आली की तो दचकायचा. रोवेनाने हे सगळं पाहिलं आणि एका सकाळी बोललीच.

"डोळ्याच्या डॉक्टरकडे चला."

"काही नाही गं. थोड्या काळ्या माश्या फिरतात. जातील."

"आणि नाही गेल्या तर?"

"नाझरेनो बघतोय."

"तो बघतोय हो. तुम्हाला दिसतंय का, ते विचारतेय मी."

एडमार उठून गेला. डॉक्टरने लढू नको म्हटलं तर? प्रांताच्या विजेतेपदाच्या पट्ट्याची लढत ठरली होती. तेव्हापासून तो झोपताना मला घडी करून डाव्या डोळ्यावर ठेवू लागला. त्याच्या पापणीखाली डोळा हलायचा, ते मला कळायचं. मी कापूस आहे. मला घाम पिता येतो, पाणी पिता येतं. डोळ्याचं मला काही येत नाही. सांगायला तोंड असतं तर सांगितलं असतं.

लढतीआधी तपासणी होती. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायची होती. एडमारने आधीच्या गड्याने वाचलेली पाठ करून घडाघडा म्हणून टाकली. बाहेर आल्यावर कोचला म्हणाला, "देवाची कृपा." त्या वेळी मला कोचच्या खांद्यावरून निसटून पडावंसं वाटलं.

लढत दूरच्या गावी होती. टिनायला शेजारच्या आलिंग चारिंगकडे ठेवलं. ती म्हातारी फोनवर सगळी लढत तिला दाखवणार होती. रोवेना आमच्या कोपऱ्यामागे पहिल्याच रांगेत बसली. समोर होता बुकिडनॉनच्या डोंगरातला जुनरेल. लाजरा, काटक मुलगा. तोही गुडघ्यावर बसून क्रूसाची खूण करत होता. एडमारनेही केली. घंटा वाजली.

पहिल्या काही फेऱ्या बरोबरीच्या गेल्या. मग जुनरेलला कळलं. काय कळलं, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं, पण त्याचा उजवा हात सुटला की एडमार हलत नव्हता. दिसतच नव्हता ना त्याला! डोळा सुजला, मग मिटला. फेरी संपून तो स्टुलावर बसला की कोच मला त्याच्या तोंडावर फिरवायचा आणि पुटपुटायचा, "देव आहे, देव आहे." एडमार मान हलवायचा. त्याची मान नुसतीच हलत होती, तिला काही समजत नव्हतं.

पुढच्या फेरीत तो दोरांवर रेलला आणि ठोसे येत राहिले. पंच वाकून बघत होते. तो अजून हात उचलत होता, म्हणून थांबवत नव्हते.

"कोच, फेका!" रोवेना ओरडली. "पंचा फेका!"

कोच वळला. त्याचा चेहरा घामाने थबथबला होता. "काय फेकू पोरी? हा? हा नाझरेनोचा आहे. खाली बघ, रक्त सांडलंय, माणसं थुंकलीत. देवाला त्यात टाकू?"

"मग दुसरा फेका!"

"दुसरा नाही आणलेला."

"मग वर चढा, हात करा, काहीतरी करा!"

"थांब जरा. देव अजून बोललेला नाही. बघ तू, आत्ता लढत फिरवेल."

कोच वाईट माणूस नव्हता. एडमारला त्याने पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. दोन्ही मुठींत त्याने मला घट्ट आवळलं होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर एक पवित्र पंचा होता आणि त्यापलीकडचा एडमार त्याला दिसेनासा झाला होता.

रोवेना खुर्चीवर चढली. तिथून कठड्यावर. कुणीतरी तिला मागे ओढलं, तिच्या गळ्यातली साखळी तुटली. तिने माझं एक टोक पकडलं आणि हिसका दिला. कोच सोडेना, तिचं मनगट मुरगळलं तरी ती ओढत राहिली. मी ताणला गेलो, माझी शिवण उसवली. मग कोचची पकड सुटली, आणि रोवेनाने मला जिवाच्या आकांताने रिंगणात फेकलं.

मी पंचांच्या बुटावर जाऊन पडलो. पंचांनी खाली पाहिलं, दोन्ही हात हलवले आणि एडमारला मिठीत घेतलं. लढत संपली.

जुनरेल गुडघ्यांवर कोसळला आणि हमसून रडायला लागला. माइक आला तेव्हा त्याला बोलताही येईना. मग म्हणाला, "सगळं श्रेय देवाचं. मी कोण? आज त्यानेच माझ्या उजव्या हातात ताकद घातली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जमिनीवर होतो. माझ्यावर कुणाचा तरी पाय होता.

परतीच्या बसमध्ये एडमार एकदाच बोलला. "एक फेरी तरी थांबायचंस. देवाने फिरवलं असतं."

रोवेनाने माझ्यात बर्फ गुंडाळून त्याच्या कपाळाला धरलं होतं, आणि हात बदलत बदलत ती घरापर्यंत तशीच बसून राहिली.

गल्लीत बातमी आमच्याआधी पोचली होती. आलिंग चारिंग दारातच उभी. "बाई गं, नाझरेनोला पायदळी टाकलंस! फेकायचंच होतं तर अंगावरचं काही फेकायचंस."

"अंगावरचं फेकलं असतं," रोवेना म्हणाली, "तर पहिल्या तुम्हीच बोलला असता."

पण ती थट्टा तोंडापुरती होती. बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. कोच आलाच नाही. एडमार भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. या सगळ्यात तिने एकच धरून ठेवलं: दवाखाना. ती त्याला हाताला धरून सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मी तिच्या पिशवीत होतो. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ डोळ्यात उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "आतला पडदा सुटलाय. जुनं दुखणं आहे हे. त्यावर अजून मार बसला असता तर माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नसतं. कुणी थांबवली लढत?"

रोवेनाने पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि विचारलं, "शस्त्रक्रिया कधी करायची?"

शस्त्रक्रिया झाली. डोळा राहिला. पूर्वीसारखा नाही, पण राहिला. मुष्टियुद्ध मात्र संपलं.

काल शेजारीपाजारी भेटायला आले. नूडल्स आणल्या, केळी आणली. कोच बर्टिंगही आला, टोपी हातात घेऊन. एडमार डोळ्यावर पट्टी बांधून बसला होता. सगळ्यांना म्हणाला, "देवाची कृपा. देवाने डोळा वाचवला."

कोचने मांडीवर थाप मारली. "मी सांगत नव्हतो, हा पंचा साधा नाही! तो नाझरेनोनेच उडवला. माझ्या मुठीतून, बघा, असा निसटला!"

चुलीपाशी रोवेना पेज ढवळत होती. तिची डाव थांबली. सगळे गेल्यावर तिने मला देव्हाऱ्यातून खाली काढलं. एडमारने उघड्या डोळ्याने पाहिलं. धुऊ नकोस म्हणेल, असं मला वाटलं. तो म्हणाला, "मनगट अजून दुखतंय का गं तुझं?"

"दुखतंय," ती म्हणाली. आणि आज सकाळी त्याच मनगटाने तिने मला धुतलं. साबणाचं पाणी आधी काळं निघालं, मग तांबूस, मग गढूळ. उसवलेली शिवण तिने परत घातली.

मित्रांनो, तुम्ही खेळा, जिंका, आणि मनात येईल त्याचे आभार माना. मी कोण तुम्हाला अडवणार? फक्त एवढं करा. जे दुखतं ते वेळेवर दाखवा. जो तुमच्यासाठी उपाशी राहतो त्याचं नाव माइक जाण्याआधी घ्या. आणि तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा पंचा असेल तर त्याला देव्हाऱ्यात ठेवू नका. त्याला धुवा, उन्हात घाला, पोराच्या पाठीवर सरकवा. आम्हाला तेच येतं.

आत्ता टिनाय उठली आहे. डोळे चोळत बाहेर आली. रोवेनाने मला चाचपलं, बराचसा वाळलो होतो. तिने टिनायला पाठमोरी उभी केली आणि सदऱ्याच्या आत मला सरकवू लागली. टिनाय हलली नाही. फोनवर पाहिलेलं काहीतरी तिच्या डोक्यात अजून फिरत असावं.

"नानाय."

"काय गं?"

"ताताय म्हणतात, त्यांचा डोळा देवाने वाचवला."

"हं."

"आणि जुनरेल काका म्हणाले, त्यांच्या हातात देवाने ताकद घातली."

"म्हणाले खरं."

रोवेनाचा हात माझ्यावर, टिनायच्या पाठीवर, तसाच थांबला.

"मग नानाय, वाचवायचाच होता, तर देवाने तो आधी फोडायला का सांगितला?"